सॅम्पल फ्लॅटमधले रविवार

शेवटच्या दोनशे पावलांसाठी रिक्षा करणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. दिगंबर परब. रविवारी दुपारी तो बायको आणि मुलीला घेऊन मुलुंडला उतरायचा, भर उन्हात वीस मिनिटं चालायचा आणि एखाद्या नव्या टॉवरचं गेट समोर दिसायला लागलं की कोपऱ्यावर थांबायचा. खिशातल्या रुमालाने आधी मुलीचे बूट पुसायचा, मग स्वतःचे. वहिनी निऱ्या सारख्या करायच्या. मग रिक्षाला हात. "अरे, वो सामने तो है," रिक्षावाला म्हणायचा. "मालूम है. बैठने दो," परब म्हणायचा आणि तिघं ऐटीत आत बसायची. एकदा चौथा म्हणून मीही होतो, ड्रायव्हरशेजारी अर्धा बाहेर लटकत. हा काय येडेपणा, असं विचारल्यावर तो म्हणाला, "जाधवा, बिल्डरच्या दारात चालत गेलास तर तो तुझ्या पायांकडे बघतो. रिक्षातून उतरलास की तोंडाकडे."

त्या टॉवरमध्ये परबला घर घ्यायचं नव्हतं. घर त्याला होतं. घाटकोपरला असल्फ्याच्या चढावर, तिसऱ्या मजल्यावर वन रूम किचन, वीस वर्षांच्या कर्जावर घेतलेलं. आम्ही दोघं साकीनाक्याच्या एका गाळ्यात नोकरीला होतो. तिथे लिफ्टची कंट्रोल पॅनेलं बनतात. परब वायरिंगवर आणि मी स्टोअरला. बटण दाबल्यावर लिफ्टने कुठल्या मजल्यावर थांबायचं, हे ज्या लोखंडी कपाटात ठरतं, त्या कपाटातली शेकडो वायरींची वेणी तो घालायचा. सव्वीस वर्षांत त्याचं एकही पॅनेल परत आलं नव्हतं. याचा त्याला गर्व होता आणि तो लपवायची त्याला गरज वाटत नसे.

कर्ज म्हटलं की तो बदलायचा. त्याचे वडील मालवणकडून येऊन गिरणीत लागले होते. गिरणी बंद पडली, उधारी वाढली आणि एक दिवस वाण्याने त्यांना भर रस्त्यात थांबवून, शाळेतून येणाऱ्या दिगंबरच्या देखत, वाटेल ते ऐकवलं. वडील नुसते हसले. "ते हसले ना रे, तेच मला अजून सहन होत नाय," परब एकदा मला जेवताना म्हणाला होता. "माझ्या पोरीला कोणी दारात येऊन 'तुझ्या बापाकडे एवढं येणं आहे' असं सांगता कामा नये. बस. बाकी मला काय नको."

त्यामुळे पहिल्या हप्त्यापासून त्याने एकच सूत्र धरलं. "हप्ता तोच ठेवायचा, वर्षं कापायची." दिवाळीचा बोनस मुद्दलात, ओव्हरटाइम मुद्दलात, गावच्या आंब्यांच्या चार पेट्या विकल्या तर तेही मुद्दलात. बँकेतली मुलगी त्याला बघितलं की न विचारताच फॉर्म काढायची. एकदा तिने भीतभीत सांगितलं म्हणे, की सर, थोडे स्वतःसाठी पण ठेवत जा. परबने तिला विचारलं, "मग हे कोणासाठी भरतोय?"

आम्ही त्याची यथेच्छ टिंगल करायचो. सगळ्यात पुढे मी. वडापाव मागवला की मी म्हणायचो, परबला नको, त्याचा बारा रुपयांचा हप्ता चुकेल. तो हसायचा आणि डब्यातली भाजी पुढे करायचा. ती भाजी नेहमी चांगली असायची.

रविवारची भानगड सुरू झाली ती मितालीमुळे. मिताली ही त्याची एकुलती एक मुलगी, तेव्हा दहा वर्षांची. कर्जाच्या पहिल्या वर्षी परबने हॉटेल, सिनेमा, मे महिन्यात गावी जाणं, सगळं एका झटक्यात बंद केलं होतं. मी दिवाळीत त्याच्याकडे फराळाला गेलो होतो तेव्हा तिने माझ्यासमोरच विचारलं, "बाबा, आपण घर घेतलं म्हणून आता कुठेच जायचं नाही का?" सुनंदा वहिनी पटकन स्वयंपाकघरात गेल्या. परबने चकली मोडली आणि मोडून तशीच ताटलीत ठेवली.

तिसऱ्या दिवशी परब वर्तमानपत्राचं पहिलं पान घेऊन माझ्या टेबलाशी आला. पानभर टॉवरची जाहिरात. खाली बारीक अक्षरात, सॅम्पल फ्लॅट पाहण्यासाठी तयार, सहकुटुंब या. "एसी आहे. कॉफी देतात, बिस्किटं देतात. वरून बघायला घर. सगळं फुकट," तो म्हणाला. "कर्ज पण फिटणार आणि पोरीचा रविवार पण होणार. झकास की नाय?" मला वाटलं, एखाददुसऱ्या वेळी जातील. ते अकरा वर्षं गेले. मुलुंड, बोरिवली, अंधेरी, जिथे जिथे खड्डा खणून भोवती पत्रे लागले, तिथे तिथे परब कुटुंब कॉफी पिऊन आलं.

मी गेलो होतो त्या दिवशीचं मला सगळं आठवतं. काळ्या कोटातल्या पोराने विचारलं, "सर, बजेट काय आहे आपलं?" परब शांतपणे म्हणाला, "बजेट नंतर. आधी लिफ्ट दाखवा." लिफ्ट हे त्याचं शास्त्र होतं. दार मिटताना आवाज कसा येतो, मजल्याला बरोबर लागते की दोन बोटं खाली राहते, हे बघून तो बिल्डरची पत्रिका मांडायचा. "संगमरवर कोणी पण लावतो रे. लिफ्टमध्ये पैसे वाचवले असतील तर समज, भिंतीत पण वाचवलेत." त्या पोराला घाम फुटला होता.

आत गेल्यावर मात्र तिघं पांगायची. वहिनी सरळ स्वयंपाकघरात. तिथले खण ढकलले की आवाज न करता मिटायचे. त्या प्रत्येक खण एकदा उघडायच्या, एकदा मिटायच्या आणि म्हणायच्या, "कुकर इथे. डबे इथे. आणि भावोजी, पिठाचा डबा कुठे ठेवू ते सांगा." मी गंभीरपणे जागा सुचवायचो. मिताली अभ्यासाच्या टेबलाशी बसायची. तिथली पुस्तकं पुठ्ठ्याची आणि लॅपटॉप प्लॅस्टिकचा, तरी ती त्याच्यावर बोटं चालवायची. परब खिशातून टेप काढून पलंग मोजायचा आणि मुलीला हाक मारायचा. "मिताली, हे बघ. पलंग पावणेसहा फुटांचा केलाय. माझे पाय बाहेर येणार. कपाटाला खोली नाय. दारं काढून टाकलीत. का? तर खोली मोठी दिसायला. कळलं? फसायचं नाय." मिताली मान डोलवायची आणि विचारायची, "पण बाबा, ही खोली माझी ना?" "तुझीच," तो म्हणायचा.

परतताना रस्ताभर भांडण चालायचं. बाल्कनीत तुळस की झोपाळा, आजी गावाहून आली तर कुठल्या खोलीत. खरं सांगतो, मला त्या तिघांचा हेवा वाटला. माझ्या घरी आम्ही हॉटेलात जायचो आणि प्रत्येक जण आपापल्या मोबाइलमध्ये बघत जेवायचो.

एक त्रास मात्र मला व्हायचा. प्रत्येक ठिकाणी वहीत फोन नंबर लिहावा लागे आणि परब गाळ्याचा लिहायचा. तो फोन माझ्या टेबलावर. आठवडाभर गोड आवाज यायचे, "दिगंबर सरांशी बोलता येईल का? थ्री बीएचकेबद्दल." पलीकडे दिगंबर सर तोंडात स्क्रू धरून पॅनेलमध्ये डोकं घालून बसलेले. मी म्हणायचो, "सर मीटिंगमध्ये आहेत." मग सगळा गाळा हसायचा, परब सगळ्यात जोरात.

वीस वर्षांचं कर्ज अकराव्या वर्षी फिटलं. बँकेने मूळ कागदपत्रांची फाइल परत दिली त्या दिवशी तो ती छातीशी धरूनच गाळ्यात आला. पेढे आणले होते, आणि तेही चांगल्या दुकानातले. मालकापासून हमालापर्यंत सगळ्यांच्या हातावर त्याने दोन-दोन ठेवले. मला म्हणाला, "जाधवा, आता कोणाच्या बापाची भीती नाय." एक्कावन्न वर्षांच्या माणसाला इतकं हलकं झालेलं मी पुन्हा पाहिलं नाही. इथे हे व्यक्तिचित्र संपवता आलं असतं तर किती बरं झालं असतं.

पुढच्या रविवारी ते सवयीने मुलुंडला गेले. तो टॉवर अजून उभा राहायचा होता, नुसता पाया झालेला. शेजारी पत्र्याच्या शेडमध्ये विक्रीचं ऑफिस आणि त्यातच जमिनीवर सॅम्पल फ्लॅट. म्हणजे लिफ्टच नव्हती. वहिनी स्वयंपाकघरात गेल्या, ओट्याशी उभ्या राहिल्या आणि त्यांनी एकही खण उघडला नाही. परबने विचारलं तेव्हा म्हणाल्या, "पुढल्या आयतवारी मी येवचंय नाय. बघून बघून दमलंय आता." रागाने नाही, साधं सांगितलं. मितालीला तेव्हा नुकतीच नोकरी लागली होती. ती म्हणाली, "बाबा, माझा पण पगार आहे आता."

सोमवारी तो माझ्या टेबलाशी आला. हातात जाहिरात नव्हती. म्हणाला, "तुका काय वाटता? घेऊ काय?" एरवी गाळ्यात तो मालवणी बोलत नसे. मी हिशेबाच्या वहीतून मान वर केली आणि अकरा वर्षं करत आलो तेच केलं. म्हटलं, "घे की रे! बायकोला अकरा वर्षं दुसऱ्यांची स्वयंपाकघरं दाखवलीस. मेल्यावर मुद्दल बरोबर नेणार आहेस का?" आजूबाजूचे हसले. परबही हसला. मग वायरी घेऊन आपल्या जागेवर जाऊन बसला.

मी काय बोललो ते मी संध्याकाळपर्यंत विसरलोही होतो.

असल्फ्याचं घर त्याने विकलं. मुलुंडच्या त्याच टॉवरमधल्या घरासाठी बाप-लेकीच्या नावावर नवं कर्ज काढलं, पहिल्यापेक्षा कितीतरी मोठं. इथवर हजारो लोक करतात तेच त्याने केलं. पण पुढची चूक परबच करू जाणे. बिल्डरकडे पैसे भरायची पद्धत मजल्यामजल्याने असते, जसा स्लॅब पडेल तसे. बाकीच्या सगळ्यांनी तसेच दिले. परबला मात्र देणं अंगावर ठेवायची सवयच नव्हती. बिल्डरच्या माणसाने सांगितलं, आगाऊ भरलेत तर भावात सूट देतो. परबने जुन्या घराचे आलेले सगळे पैसे एका दिवसात भरून टाकले आणि मला सांगितलं, "लवकर भरलेलं कधी वाया जात नाय." एकोणिसावा मजला, फ्लॅट नंबर चार. दोन वर्षांत ताबा. तोवर साकीनाक्यालाच, खाली वेल्डिंगचं दुकान असलेल्या माळ्यावर, भाड्याची खोली.

दोन वर्षांत सोळा मजले झाले. मग काम थांबलं. आधी म्हणाले पावसामुळे, मग परवानगीमुळे, मग भागीदारांच्या भांडणामुळे. मग म्हणायलाही कोणी राहिलं नाही. विक्रीच्या ऑफिसला कुलूप लागलं. घेणाऱ्यांनी मिळून केस केली, वकील तारखा सांगत राहिला. बँकेचा हप्ता मात्र दर महिन्याच्या पाच तारखेला न चुकता कापला जाई. वर खोलीचं भाडं. वहिनी पहाटेपासून एका डबेवालीकडे पोळ्या लाटायला जाऊ लागल्या. मितालीचं एक स्थळ जवळजवळ ठरलं होतं. मुलाकडच्यांनी तिच्या नावावरचं कर्ज ऐकलं आणि पुन्हा फोन केला नाही. ते लोक वाईट होते असं मी म्हणणार नाही. त्यांच्या जागी मीही तेच केलं असतं.

रविवारी परब आता एकटाच मुलुंडला जायचा. पत्र्याच्या कुंपणाबाहेर घेणाऱ्यांची सभा असायची. तिथे सगळे ओरडायचे, हा ऐकून यायचा. मी विचारलं की काय झालं, तर म्हणायचा, "पुढच्या रविवारी परत जमायचं ठरलं." त्या सभेत बाकीच्यांना निदान एवढं समाधान होतं की तीन स्लॅबचे पैसे अजून आपल्या खिशात आहेत. परबचे सगळे गेले होते, आणि हे त्यांना कळल्यावर ते त्याच्याकडे ज्या नजरेने बघायचे, ती कीव त्याला झेपत नव्हती. पुढे तो मागे, पानाच्या टपरीशी उभा राहू लागला.

सव्वीस वर्षांत न आलेलं पॅनेल त्या वर्षी परत आलं. मग दुसरं. मालक भला माणूस, त्याने काही न बोलता परबला वायरिंगवरून काढून पॅकिंगवर बसवलं. पगार तोच ठेवला. परब खोक्यांवर चिकटपट्ट्या लावत बसायचा. त्याही तो अगदी सरळ लावायचा, म्हणून ते बघवत नसे.

एक दिवस जेवायच्या सुट्टीत मी धीर केला. थोडे पैसे पाकिटात घालून आणले होते. त्याच्या डब्याशेजारी ठेवले आणि म्हटलं, "परब, त्या दिवशी मी तोंड मिटून बसलो असतो तर..." त्याने पाकीट उचलून माझ्या शर्टाच्या खिशात परत घातलं, बटण पण लावलं. "खुळो काय रे तू?" तो म्हणाला. "तू सांगितलंस म्हणान घेवक नाय मी. माका व्हया होता, म्हणान तुका इचारलंय." मग भाजी पुढे केली.

त्याने मला मोकळं करायला ते म्हटलं, हे मला कळत होतं. मी मोकळा झालो नाही. त्याला हवं होतं, हे त्याच्या चेहऱ्यावर तेव्हा लिहिलेलं होतं आणि मी ते वाचलं होतं. मित्राने अशा वेळी वाचून गप्प बसायचं असतं, किंवा निदान म्हणायचं असतं की आधी लिफ्ट बघ. त्याच्याच तोंडचं वाक्य. मला ते सुचलं नाही, मला विनोद सुचला.

गेल्या मार्च महिन्यात, दुपारी तीनच्या सुमाराला, परब पॅकिंगच्या टेबलावर डोकं टेकून बसला. आम्हाला वाटलं डुलकी लागली. घाटकोपरच्या दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. डॉक्टरने मला विचारलं, "तुम्ही नातेवाईक का?" मी हो म्हटलं. वहिनी पोळ्या लाटत होत्या तिथूनच आल्या, हाताला पीठ तसंच होतं. मिताली ऑफिसातून आली. ती रडली नाही. आल्या आल्या तिने बाबांचा मोबाइल मागून घेतला आणि पाच तारखेच्या हप्त्याला खात्यात पैसे आहेत का ते बघितलं. आता ते सगळं तिच्या एकटीच्या नावावर होतं. सत्तावीस वर्षांची पोर.

मृत्यूची नोंद करायला आम्ही तिघं तिथल्याच खिडकीशी गेलो. आतल्या कारकुनाने आधार कार्ड घेतलं आणि पत्ता उतरवायला लागला. "असल्फा, घाटकोपर. हाच कायमचा पत्ता ना?"

"नाही," मिताली म्हणाली. "ते घर विकलं."

"मग राहता कुठे?"

"साकीनाक्याला. भाड्याने. या महिन्याअखेर करार संपतोय."

"तो राहण्याचा झाला. कायमचा कुठला लिहू?" तो चिडलेला नव्हता, दिवसभर हेच विचारत असावा. "नीट सांगा हां, एकदा नोंद झाली की नंतर बदलायला फार त्रास होतो."

मिताली माझ्याकडे बघायला लागली. मी गावचा पत्ता सांगावा म्हणून तोंड उघडलं, पण गावचं घर चुलत्यांच्या वाट्याला गेल्याला पाच वर्षं झाली होती. माझा पत्ता सांगावा असंही क्षणभर मनात आलं. तेवढ्यात मागून वहिनी पुढे आल्या. त्यांनी खिडकीच्या गजाला पिठाचा हात धरला आणि टॉवरचं नाव, रस्ता, मुलुंड पश्चिम, पिनकोड, सगळं न अडखळता सांगितलं.

"मजला?" कारकुनाने मान खाली ठेवूनच विचारलं.

"एकोणिसावा," वहिनी म्हणाल्या. "फ्लॅट नंबर चार."

त्याने लिहून घेतलं.